सात सात सात

नागपूरकरांना कूलरचं उदाहरण पटकन कळेल, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. एप्रिल लागला की माळ्यावरचा कूलर खाली येतो, टाकी भरली जाते, कोणीतरी बटण दाबतं आणि घरातला ईएलसीबी खाडकन पडतो. पंपातून करंट झिरपत असतो आणि ते त्या बिचाऱ्या उपकरणाला कळलेलं असतं. अशा वेळी दोन प्रकारचे इलेक्ट्रिशियन भेटतात. एक जण पंप बदलतो. दुसरा ईएलसीबीच बायपास करून देतो. कूलर दोघांच्याही हातून सुरू होतो, हवा तितकीच गार लागते, आणि दुसरा पैसेही कमी घेतो. फरक कळतो तो कोणीतरी ओल्या हाताने कूलरच्या पत्र्याला हात लावतं तेव्हा.

आजची पोस्ट मात्र कूलरवर नाही, वेब सर्व्हरवर आहे. त्यातल्याही एका अगदी रोजच्या दुखण्यावर. वेबसाइटचा फोल्डर एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवला की 'परवानगी नाही' अशी जी एरर येते ना, तिच्यावर. (नातेवाईक मंडळींनो, पळू नका! संगणकाची बाराखडी येत नसली तरी कळेल असं लिहायचा प्रयत्न करतोय. आणि विषय शेवटी तुमच्या रक्ताच्या रिपोर्टपर्यंत जाणार आहे, तेव्हा तुमचा संबंध आहेच.)

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ती एरर म्हणजे संगणकाने विचारलेला एक प्रश्न असतो: 'तू कोण, आणि हे तुला का दाखवू?' या प्रश्नाचं उत्तर एखादं नाव घेऊन द्यायचं असतं. आपल्याकडे बहुतेक वेळा 'या, कोणीही या' असं उत्तर देऊन मोकळे होतात आणि त्यालाच दुरुस्ती म्हणतात.

धंतोलीत राहणाऱ्या माणसाला हा विषय सुचावा यात नवल काही नाही. आमच्या या भागातले जुने बंगले एकेक करून हॉस्पिटल झाले. आता इथे दर चार पावलांवर एक दवाखाना, एक लॅब, एक औषधाचं दुकान आणि त्यांच्यासमोर तीन ओळींत लावलेल्या गाड्या. पार्किंगचं प्रकरण तर हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. विदर्भातून, शेजारच्या मध्य प्रदेशातून पेशंट इथे येतात. रस्त्यावरची ही गर्दी सगळ्यांना दिसते. न दिसणारी गोष्ट म्हणजे या प्रत्येक काउंटरखाली धूळ खात पडलेलं एक काळं खोकं, आणि त्या खोक्यात हजारो लोकांच्या साखरेचे, किडनीचे, बायोप्सीचे आकडे.

अशाच एका लॅबमध्ये (नाव सांगत नाही, विचारूही नका) झालेली गोष्ट. पेशंटला मोबाइलवर रिपोर्ट बघता यावा म्हणून त्यांनी एक छोटी वेबसाइट केली आहे. वर्षानुवर्षांच्या पीडीएफ साठून डिस्क भरली. नवी मोठी डिस्क आली. त्यांचं कॉम्प्युटरचं काम बघणाऱ्या मुलाने रात्री बसून सगळा फोल्डर नव्या डिस्कवर नेला, सर्व्हरला नवा पत्ता सांगितला आणि घरी गेला. सकाळी सात वाजता साइट उघडली तर पांढऱ्या पानावर एकच ओळ: ४०३ फॉरबिडन. काउंटरवर उपाशीपोटी साखर तपासायला आलेले लोक, त्यात कालचे रिपोर्ट मागणारे लोक, आणि फोनवर डॉक्टर. मुलाने घाईघाईत मित्राला विचारलं, मित्राने एक मंत्र सांगितला, तो त्याने टाइप केला आणि साइट सुरू झाली.

मंत्र होता 'चमॉड ७७७', तोही नव्या डिस्कवरच्या सगळ्या फोल्डरांना आणि त्यांच्या पोटातल्या सगळ्या फाइलींना एकदम लागू होईल असा.

आता हे सात सात सात काय आहे ते बघू. युनिक्स ही कार्यप्रणाली १९७० च्या सुमारास अमेरिकेत बेल लॅब्समध्ये जन्मली. तेव्हा एकच मोठा संगणक अनेक जण वापरत असत. त्यामुळे कोणाची फाइल कोणी बघायची हा प्रश्न पहिल्यापासूनच होता. युनिक्सने आणि पुढे लिनक्सने उत्तर साधं ठेवलं. प्रत्येक फाइलला तीन प्रकारची माणसं: मालक, मालकाचा गट आणि बाकीचे सगळे. प्रत्येकाला तीन प्रकारचे हक्क. वाचण्याचे ४ गुण, लिहिण्याचे म्हणजेच बदलण्याचे २, आणि चालवण्याचा १. बेरीज करा. सगळे हक्क म्हणजे ७. फक्त वाचणं म्हणजे ४. त्यामुळे वेबसाइटच्या साध्या फाइलीला सहसा ६४४ असतं: मालक वाचेल आणि लिहील, बाकीचे नुसतं वाचतील. फोल्डरला सहसा ७५५.

फोल्डरच्या बाबतीत त्या १ चा अर्थ जरा वेगळा आहे आणि सगळी गंमत तिथेच आहे. फोल्डर काही 'चालवता' येत नाही. तिथे १ म्हणजे आत शिरून पुढे जाण्याची मुभा. आमच्या इथल्या रामकृष्ण मठात मंदिरात कोणीही जाऊन बसावं, पण गाभाऱ्यात पुजाऱ्यानेच जावं, तसं. फाइलपर्यंत पोचायचं तर वाटेतल्या प्रत्येक फोल्डरवर तो १ हवा. सहा दारांतलं एक जरी बंद असलं तरी आतलं कपाट सताड उघडं असून उपयोग नाही.

आणि सात सात सात म्हणजे? मालकाला सगळं, गटाला सगळं, बाकीच्यांनाही सगळं. म्हणजे घराला दारंच नाहीत.

बरं, जुन्या जागी सुरळीत चालणारी साइट नुसती जागा बदलली म्हणून का अडते? घर बदलताना आपण सामान नेतो. पण दूधवाल्याला कोणतं दार माहीत आहे, कामवाल्या मावशींकडे कोणती किल्ली आहे, शेजारच्या काकूंना किती आतपर्यंत येऊ द्यायचं, ही व्यवस्था ट्रकमध्ये भरता येत नाही. ती नव्या जागी पुन्हा बसवावी लागते. सर्व्हरवरही अगदी असंच. माझ्या हिशेबाने गडबड चार ठिकाणी होते.

पहिली गडबड मालकीची. साधी कॉपी केली की नवी फाइल कॉपी करणाऱ्याच्या नावाने तयार होते. आधी ती कोणाची होती हे विसरलं जातं. वेब सर्व्हर हा संगणकाच्या लेखी एक वेगळाच माणूस असतो. उबुंटू-डेबियनवर त्याचं नाव डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा, रेड हॅटवर अपाची. मालकी आणि हक्क जसेच्या तसे न्यायचे तर कॉपीच्या आज्ञेला 'ए' हा पर्याय जोडावा लागतो, किंवा तोच पर्याय देऊन आरसिंक वापरावं लागतं, आणि तेही रूटच्या, म्हणजे मुख्य व्यवस्थापकाच्या अधिकाराने.

दुसरी गडबड वाटेची, ती वर सांगितलीच. नवा फोल्डर जिथे ठेवला त्याच्या वरच्या एखाद्या फोल्डरला बाकीच्यांसाठी तो १ नसतो. लोक हमखास आपल्या स्वतःच्या होम फोल्डरमध्ये साइट नेऊन ठेवतात. रेड हॅटवर होम फोल्डर पूर्वीपासूनच इतरांना बंद असतो, आणि उबुंटूनेही २०२१ च्या २१.०४ आवृत्तीपासून नव्या होम फोल्डरांना ७५० लावायला सुरुवात केली. शेवटचं ते शून्य म्हणजे परक्याला प्रवेश नाही. वेब सर्व्हर परकाच!

तिसरी गडबड वेब सर्व्हरच्या स्वतःच्या वहीतली. अपाचीला नुसता नवा पत्ता देऊन भागत नाही. 'या फोल्डरमधलं लोकांना दाखवायला हरकत नाही' अशी वेगळी नोंद करावी लागते. २०१२ साली आलेल्या २.४ आवृत्तीत ही नोंद लिहिण्याची पद्धतच बदलली, त्यामुळे जुनी पुस्तकं बघून लिहिणारे अजूनही चकतात.

चौथी गडबड एसई-लिनक्सची. ही अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने २००० च्या अखेरीस खुली केलेली पहारेकऱ्याची व्यवस्था. रेड हॅटमध्ये २००५ च्या चौथ्या आवृत्तीपासून ती सुरूच असते. ती मालक-गट वगैरे बघत नाही, प्रत्येक फाइलवर चिकटवलेलं लेबल बघते. 'हा वेबसाइटचा मजकूर' असं लेबल असेल तरच वेब सर्व्हरला हात लावू देते. यात एक गंमत आहे. फाइल कॉपी केली तर तिला बहुधा नव्या जागेचं लेबल लागतं, पण मूव्ह केली तर जुनं लेबल अंगावर घेऊनच ती येते. म्हणजे होम फोल्डरमध्ये तयार केलेली साइट मूव्ह करून योग्य जागी आणली तरी पहारेकरी म्हणणार, 'हे तर कोणाचं तरी घरचं सामान दिसतंय!' इथे ७७७ नाही, ७७७७ केलं तरी काही होत नाही. मग लोक पहारेकऱ्यालाच घरी पाठवतात. तो बायपासचाच धाकटा भाऊ.

विंडोजवाल्यांनी हसू नये. तिथेही फोल्डर त्याच ड्राइव्हवर मूव्ह केला तर त्याला खास दिलेल्या परवानग्या त्याच्याबरोबर जातात. कॉपी केला किंवा दुसऱ्या ड्राइव्हवर नेला तर नव्या जागेच्या वरच्या फोल्डरच्या परवानग्या लागतात. सी ड्राइव्हवरची साइट डी ड्राइव्हवर नेली की आयआयएस ४०१.३ किंवा ५००.१९ म्हणून ओरडायला लागतो तो यामुळेच. आणि तिथला ७७७ म्हणजे 'एव्हरीवन'ला 'फुल कंट्रोल'. प्रदेश वेगळा, नवस तोच. :-)

आता खरा मुद्दा. लिनक्सवरच्या या चारही कारणांना बाहेरून चेहरा एकच: ४०३. पाहुण्याला कारण सांगायचं नसतं, म्हणून पानावर एवढंच येतं. पण आतल्या एरर लॉगमध्ये सर्व्हर बरंच काही लिहून ठेवतो. वाटेतल्या कुठल्यातरी फोल्डरवर शिरण्याची मुभा नाही, असं तो एका वाक्यात सांगतो. वहीतल्या नोंदीमुळे अडलं असेल तर दुसरं वाक्य. एसई-लिनक्सने अडवलं असेल तर त्याची नोंद ऑडिट लॉगमध्ये. म्हणजे उत्तर लिहून ठेवलेलं असतं, फक्त वाचायला कोणी नसतं.

लॅबमध्ये काय झालं होतं ते सांगतो. डॉक्टर माझे जुने शेजारी. काही दिवसांनी बॅकअपचं बघायला त्यांनी मला बोलावलं. ('तुम्हाला त्यातलं कळतं, जरा नजर टाका' या वाक्यावर फुकट कामं करत माझं अर्धं आयुष्य गेलं. असो.) जुने लॉग उघडले. त्या सकाळची ओळ तिथे होतीच: वाटेतल्या फोल्डरवर शिरण्याची मुभा नाही. मुलाने फाइली मालकी-हक्कांसह अगदी व्यवस्थित नेल्या होत्या. नव्या डिस्कवरचा सगळ्यात वरचा फोल्डर तेवढा ७०० होता. त्याला ७११ केलं असतं तर काम झालं असतं. एका फोल्डरवरचा एक आकडा! त्याऐवजी हजारो फाइली सगळ्यांना वाचायला, लिहायला, पुसायला मोकळ्या झाल्या होत्या. त्यात डेटाबेसचा पासवर्ड लिहिलेली फाइल होती आणि महिन्यामहिन्याचे बॅकअपही होते.

मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "काका, चालून राहिलं ना आता? मग काहून छेडता त्याले?"

मला त्याचा राग आला नाही, आणि हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाहीये. सकाळी सात वाजता समोर चाळीस लोक उभे असताना कोणी लॉग वाचत बसत नाही. शिवाय त्याचा दुसरा मुद्दाही अगदीच चुकीचा नव्हता. "काका, हे आतल्या आत आहे. बाहेरच्या माणसाले थोडीच दिसते ७७७?"

हे खरं आहे. ७७७ केल्याने रिपोर्ट आपोआप जगाला दिसायला लागत नाहीत. उगाच घाबरवणाऱ्यांपैकी मी नाही. ७७७ ने होतं ते असं की दुसरं दार निघून जातं. त्या खोक्यावर फक्त रिपोर्टची साइट नव्हती. बिलिंगचं सॉफ्टवेअर होतं. मशीन विकणाऱ्या कंपनीला दुरून दुरुस्ती करता यावी म्हणून उघडून दिलेलं एक खातं होतं. डॉक्टरांच्या माहितीची एक जुनी वर्डप्रेस साइट होती, तिला कित्येक महिन्यांत अपडेट मिळालेलं नव्हतं. अशा जुन्या वर्डप्रेसच्या प्लगइनमधून कोणी आत शिरणं ही जगात रोज घडणारी गोष्ट आहे. हक्क नीट असतील तर शिरलेला माणूस निदान बाकीच्या फाइली बदलू शकत नाही. ७७७ असेल तर तो कोणतीही फाइल बदलू शकतो.

'बदलू शकतो' याकडे लोकांचं लक्ष जात नाही. गोपनीयता म्हटलं की सगळे 'कोणी वाचलं तर' एवढाच विचार करतात. अहो, रिपोर्ट लिहिता येत होता! हिमोग्लोबिनचा आकडा, रक्तगट, बायोप्सीतला एक शब्द. मुद्दाम कोणी करेल असं नाही, एखाद्या बिघडलेल्या प्रोग्रामनेही होईल. तो कागद बघूनच शेजारच्या हॉस्पिटलातला सर्जन निर्णय घेतो.

आणि ७७७ चं आणखी एक दुखणं म्हणजे ते परत फिरवता येत नाही. आधी कोणत्या फाइलीला किती होतं ही माहिती त्या आज्ञेबरोबर पुसली जाते, कुठेही उरत नाही. म्हणून मी म्हणतो, परवानग्यांना हात लावण्याआधी त्यांची यादी एका फाइलीत उतरवून ठेवा. गेटफॅकल नावाची आज्ञा आहे, एका ओळीचं काम आहे. लॅबमध्ये ती यादी नव्हती, त्यामुळे जुन्या डिस्कवरून एकेक फोल्डर ताडून बघत सगळं पुन्हा लावायला दुपार गेली. जुनी डिस्क कपाटात पडून होती हे नशीब. नाहीतर अंदाजाने लावावं लागलं असतं.

इथे कोणी तांत्रिक वाचक म्हणेल की परवानग्या नीट लावल्या म्हणजे रिपोर्ट सुरक्षित झाले का? नाही झाले. हेही स्पष्ट सांगायला हवं. संगणकाच्या लेखी वेब सर्व्हर हा एकच माणूस. साइटवर येणारा पेशंट, त्याचा शेजारी आणि रशियात बसलेला चोर, तिघेही त्याच एका माणसाच्या तोंडून फाइल मागतात. त्याला वाचायचा हक्क आहे म्हटल्यावर फाइल मिळणारच. म्हणजे 'हा रिपोर्ट ज्याचा आहे तोच बघतोय का' हे विचारण्याचं काम फाइलीच्या ६४४ चं नाही, ते साइटच्या प्रोग्रामचं आहे. रिपोर्टचा फोल्डर तर वेबच्या फोल्डरबाहेरच ठेवावा, आणि प्रोग्रामने ओळख पटवून एकेक फाइल आणून द्यावी. जुन्या सरकारी दवाखान्यात रेकॉर्ड रूमची खिडकी असते तशी. खिडकीतला माणूस आधी कार्ड बघतो आणि मगच कागद देतो.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर डिसेंबर २०१६ आठवा. मुंबईच्या एका पॅथॉलॉजी लॅबचे तीस हजारांहून जास्त रिपोर्ट वेबवर कोणालाही उघडता येतील अशा अवस्थेत सापडले होते. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन सुरक्षातज्ज्ञाने ते उजेडात आणलं. त्यात एचआयव्हीच्या तपासण्यांचे रिपोर्टही होते, नावासकट. कोणी मोठा हॅकर लागला नव्हता, नुसता पत्ता माहीत असणं पुरेसं होतं. त्या यादीत नाव असलेल्या माणसाचं काय झालं असेल? आपल्याकडे एचआयव्ही म्हटलं की भाड्याची खोली जाते, ठरलेलं लग्न मोडतं.

पुढे २०२० च्या सुरुवातीला ग्रीनबोन या जर्मन कंपनीचा अहवाल चर्चेत आला. एक्स-रे, सीटी, एमआरआय साठवणारे जगभरातले सर्व्हर त्यांनी तपासले होते. भारतात पासवर्डशिवाय उघडणाऱ्या अशा नोंदींमध्ये पहिला नंबर महाराष्ट्राचा होता, तीन लाखांहून जास्त. या दोन्ही प्रकरणांत ७७७ होतं असं मी म्हणत नाही. पण वृत्ती तीच. आधी चालू द्या, कुलूप नंतर बघू.

आता कायदाही जागा झाला आहे. एचआयव्हीबाधितांच्या माहितीचं रक्षण करण्याची जबाबदारी घालणारा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि ते टप्प्याटप्प्याने लागू करायचं ठरलं. माहितीची वाजवी काळजी घेतली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची त्यात तरतूद आहे. काउंटरखालच्या खोक्याला २५० कोटींचा दंड होईल असं मला वाटत नाही. पण 'आम्हाला माहीतच नव्हतं' हे उत्तर आता चालणार नाही, एवढं नक्की.

मग करायचं काय? माझा क्रम असा. आधी एरर लॉग वाचा, हात नंतर लावा. परवानग्यांची यादी उतरवून ठेवा. मग वाट तपासा: नेमआय नावाची आज्ञा मुळापासून फाइलीपर्यंतच्या प्रत्येक पायरीचे हक्क एकाखाली एक दाखवते, कोणती पायरी बंद आहे ते डोळ्यांना दिसतं. मग मालकी, मग सर्व्हरच्या वहीतली नोंद, आणि रेड हॅट असेल तर लेबल (तेही तात्पुरतं चिकटवू नका, नियमात लिहून मग लावा, नाहीतर पुढच्या वेळी सगळी लेबलं नव्याने लागली की जातं). आणि दर पायरीवर एकच प्रश्न विचारा: नेमकं कोणाला, नेमकं काय हवंय? वेब सर्व्हरला वाचायला हवंय? मग वाचायला द्या. फोटो अपलोड होतात त्या एका फोल्डरमध्ये लिहायला हवंय? मग त्या एकाच फोल्डरमध्ये द्या. अर्ध्या तासाचं काम आहे.

हा अर्धा तास कोण देणार, हाच माझ्या मते कळीचा प्रश्न आहे. आपण त्या मुलाला साइट सुरू करण्याचे पैसे देतो, नीट करण्याचे देत नाही. साइट बंद असली तर दहा फोन जातात. उघडी पडली तर एकही जात नाही. मग तो सकाळी सात वाजता काय निवडणार? दोष द्यायचाच तर 'चालतंय ना' म्हणून बिल चुकतं करणाऱ्याला आधी द्यायला हवा. डॉक्टरांना मी हेच सांगितलं, जरा सौम्य शब्दांत. ऑपरेशन थिएटरची उपमा दिली. तिथेही ७७७ केलं तर काम किती भराभर होईल! सगळ्यांना आत सोडा, चपला काढायला नकोत, हात धुवायला नकोत. डॉक्टर हसले, पण त्यांना कळलं. आता हलवाहलवी रविवारी दुपारी करायची आणि सोमवारी सकाळपर्यंत जुनी डिस्क जोडलेलीच ठेवायची, असं ठरलं आहे. म्हणजे सात वाजता काही अडलं तर जुन्या जागेवरून साइट चालू करता येईल आणि लॉग वाचायला वेळ मिळेल. घाईतला मंत्र टाळायचा तर घाईच टाळायला हवी, मुलाला उपदेश करून भागत नाही. त्यालाही नेमआयची आज्ञा आता पाठ झाली आहे. म्हणे, "काका, हे आधी कोणी सांगितलंच नाही." खरंय. इंटरनेटवर शोधलं की पहिल्या दहा उत्तरांत कोणीतरी ७७७ सांगणारा भेटतोच, आणि खाली चार जण 'चाललं, धन्यवाद' म्हणून गेलेले असतात.

नातेवाइकांपैकी ज्यांचा दवाखाना आहे, क्लास आहे, सोसायटीचं किंवा ट्रस्टचं ऑफिस आहे, त्यांनी आपल्या कॉम्प्युटरवाल्याला एवढंच विचारावं: आपल्या सर्व्हरवर कुठे ७७७ आहे का? तीन शब्दांत शोधता येतं. 'आहे' म्हणाला तर रागावू नका. चहा पाजा आणि अर्धा तास द्या. आणि त्या अर्ध्या तासाचे पैसेही द्या.